दम, रक्त, शुद्ध आन् घाम

दवाखान्याच्या मागं सलाईनच्या रिकाम्या बाटल्या साठतात ना, तसे किस्से साठतात. कुणी मुद्दाम साठवत न्हाई. रोज एक-दोन पडतात, आन् एक दिवस बगावं तर ढीग! माझ्याकडं तसला ढीग हाय. तीस वर्षं गावच्या सरकारी दवाखान्यात शिपाई व्हतो. रिटायर झालो तरी सुटका न्हाई, कारण माझं घर दवाखान्याच्या बरोब्बर समोर. मधी फक्त रस्ता.

आमचं गाव शिरूर तालुक्यात, पण शिरूर लांब. भीमेवरचा पूल वलांडला की दौंड तालुका. म्हंजी आमचं मतदान शिरूरला आन् दुखणं दौंडला! गावचा दवाखाना सकाळी साडेबारापत्तूर, मग चार ते सहा. पण माणसं काय घड्याळ बघून आजारी पडत न्हाईत. आमच्याकडं तर दुपारी, सांजंला, न्हाईतर रविवारी पडतात. तवा दाराला कुलूप, आन् कुलपाकडं बघत पेशंट. माझी निम्मी नोकरी 'साहेब गेले' एवढं सांगण्यात गेली.

मग तीन वर्षांमागं डॉक्टरबाई आल्या. दवाखान्याच्या क्वार्टरमधी मुक्कामाला राहणाऱ्या पहिल्या डॉक्टर. बाई नांदेडकडच्या. सहा वर्षांची लेक तिकडं आईपाशी ठेवून आलेल्या. तीन वर्षं भरली की बदलीचा अर्ज करता येतो, आन् ती ह्या उन्हाळ्यात भरत व्हती. समद्या गावाला ठावं.

आमच्या हिला दमा हाय. दम्याला रविवार कळत न्हाई. म्हणून बाईंनी जाऊ नये असं मला वाटायचं. त्यांच्या लेकीला काय वाटत आसंल ते कळत व्हतं, पण मी तिकडं बघत नव्हतो. सरळ सांगतो.

*

बाई आल्या त्या दिवशीचा किस्सा आधी घ्या.

क्वार्टरला कैक वर्षं डॉक्टर नव्हता, म्हणून तात्यानं तिथं कांदा भरला व्हता. तात्या म्हंजी आमच्या गावचा बागायतदार. पहिली-दुसरीला माझ्या शेजारी बसायचा. मी दुसरीतनं घरी बसलो, तो सातवीपत्तूर गेला. अक्कल मात्र माझ्याबरोबरच शाळा सोडून आली.

बाईंनी बॅग खाली ठिवली, दार उघडलं, तर खोलीत छातीएवढा कांदा! तात्याला बोलवणं गेलं.

तात्या म्हणतो, "मॅडम, एक पंधरवडा थांबा की. भाव वर निघालाय."

बाई म्हणाल्या, "ठीक आहे. कांद्यालाच राहू द्या. उद्याची ओपीडी पण तोच काढेल."

तासाभरात ट्रॅक्टर आला!

पण वास काय ट्रॅक्टरात बसून जात न्हाई. महिनाभर बाई क्वार्टरमधनं बाहेर आल्या की डोळं लालेलाल. आळीतल्या बाया हळहळल्या. कुणी भाकरी दिली, कुणी ठेचा. "लेकीची आठवण येती वो, रोज रडती बिचारी!" मी समद्यांना सांगायचो, "आगं, कांद्याचा वास हाय तो. रडती कशाला!"

पुढं वर्षभरानं कधीतरी मी ही गोष्ट बाईंना हसत सांगितली. बाई म्हणाल्या, "कांदा होता म्हणून बरं झालं, आप्पा. कुणी विचारायला आलं नाही."

*

डॉक्टर मुक्कामाला हाय म्हटल्यावर गाव चेकाळलं. रविवारी दुपारी बाईंच्या खिडकीवर थापा. एक आला, "मॅडम, ह्या गोळीवर अंडं चालंल का?" दुसरा आला, "वजनकाटा जरा भाईर काढा, कुस्तीला जायचंय." तिसऱ्यानं मोबाईल पुढं केला, "हे औषध खरं हाय का खोटं?" बाईंना घास खाऊ देईनात.

शेवटी बाई माझ्या ओट्यावर आल्या. "आप्पा, तुमच्या इथून सगळं दिसतं. ज्याला खरंच थांबता येणार नाही, त्यालाच पाठवा. बाकीचे सकाळी."

"पर बाई, मला कळायचं कसं?"

बाईंनी धा-पंधरा गोष्टी सांगितल्या. मी म्हणलं, "तीनच सांगा. माझ्या डोक्यात तीनच खुंट्या हाईत."

बाई हसल्या. म्हणाल्या, "दम लागलाय का? रक्त वाहतंय का? शुद्धीवर आहे का? एवढं विचारा. आणि बाळंतीण, तान्हं मूल किंवा साप चावलेला माणूस आला, तर काहीच विचारू नका. सरळ हाक मारा."

हाक कुठं मारता! माझ्याकडं रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा व्हता. कुठनं आला ते इचारू नका, दौंड जवळ हाय एवढं समजून घ्या. तो दवाखान्याच्या दारापाशी लिंबाला टांगला, वर एक लोखंडी दांडकं. एक ठोका दिला की क्वार्टरचं दार उघडणार! आन् बाईंनी दवाखान्याच्या दारावर खडूनं मोठं लिवलं: दम, रक्त, शुद्ध.

पहिल्याच रविवारी तात्या हजर. ह्या माणसाला काय व्हत न्हाई, पण रविवारी गर्दी नसती म्हणून बीपी मोजायला यायचा.

मी इचारलं, "दम लागलाय का?"

"न्हाई."

"रक्त?"

"न्हाई."

"शुद्धीवर हाईस का?"

"शुद्धीवर नसतो तर चालत आलो असतो व्हय रं?"

"मग सकाळी ये!"

गेला बडबडत. पुढच्या रविवारी परत. अंगातला सदरा वला, छाती भात्यासारखी खालीवर. मला वाटलं, आता गेला हा! मी धाडकन ठोका दिला. बाई पळत आल्या, नळी लावली, बीपी मोजलं. लई वाढलेलं.

बाईंनी इचारलं, "तात्या, काय केलंत तुम्ही?"

तात्या म्हणतो, "काय न्हाई मॅडम. आप्पा दम इचारतो, म्हणून दवाखान्याला पाच चकरा मारून आलो!"

*

दवाखान्याची गाडी आमच्यात आन् शेजारच्या गावात मिळून एक. म्हंजी पेशंट हिकडं तर गाडी तिकडं. त्यावर आमच्या सिस्टरनं, म्हंजी नर्सबाईनं, शक्कल काढली. शेतीच्या मोटरीची लाईट एका शिवाराला दिवसा येती, दुसऱ्याला रात्री. आठवड्यानं पाळी बदलती. मग ज्या शिवाराला जवा लाईट, तवा त्या शिवारातल्या शेतकऱ्याच्या गाडीची ड्युटी. कारण तो माणूस जागाच असतो, मोटरीपाशीच असतो, आन् मोबाईल हातातच असतो. दर सोमवारी फळ्यावर लिवायचं: 'ज्याची लाईट त्याची गाडी.' असला फळा तुमच्या मोठ्या दवाखान्यातबी नसंल!

एकदा वीजकंपनीनं मधीच लाईटीचा टाईम बदलला. फळा जुनाच राहिला. आन् नेमकी त्या दिवशी पहाटं गावातली एक सून अडली. बीपी वाढलं व्हतं, बाई म्हणाल्या दौंडला न्यायला पायजे. मी रुळ बडवला, सिस्टरनं फोन फिरवले.

तीन गाड्या आल्या! एक फळ्याप्रमाणं, एक लाईटीप्रमाणं, आन् तिसरा तात्या, त्याला झोप येत न्हाई म्हणून.

पोरगी कळा देतीय, आन् सासू तिन्ही गाड्यांत डोकं घालून बगतीय. सीट दाबून बगतीय. बाजारात बैल बघावा तशी! बाई वरडल्या तवा कुठं एकीत बसली. बाई आन् सिस्टर दोघी मागं. पर बाळाला काय धीर निघंना. पुलाच्या मधोमध गाडी थांबवली, आन् तिथंच पोरगी झाली. दोघी खुशाल. नंतर दौंडला तीन दिवस ठिवून घेतलं, बीपी उतरलं, घरी.

पुढं जन्माच्या फॉर्मवर ठिकाण लिवायचं आलं. पुलाची ही बाजू शिरूर, ती बाजू दौंड. क्लार्क डोकं खाजवाय लागला. म्हणतो, "गाडीचं तोंड कुठं व्हतं?"

सासू म्हणाली, "शिरूरच लिव! दौंडकरांनी माझ्या नणंदंची सोयरीक मोडलीया. नातीचं नाव तिकडं जाऊ द्यायची न्हाई मी!"

*

नदीपल्याड गुऱ्हाळं लई. तिथं यूपीचे गडी गूळ शिजवतात. एक दिवस दुपारी, दवाखाना नुकताच बंद झालेला, एक गडी हात धरून आला. उकळता रस हातावर पडलेला. मालक बाहेरगावी, कुणी दवाखान्यात आणंना, म्हणून पूल चालत वलांडून आला बिचारा.

मी माझ्या हिंदीत इचारलं, "दम लगता क्या?"

"नहीं बाबा."

"खून बहता क्या?"

"नहीं."

तिसरा प्रश्न मी इचारलाच न्हाई. त्यानं फडकं काढलं, आन् मी रुळावर दोन्ही हातांनी ठोका दिला.

बाई जेवत व्हत्या, उष्ट्या हातानं आल्या. काम झाल्यावर मला म्हणाल्या, "तिन्हींतलं काय होतं, आप्पा?"

"कायबी नव्हतं. मला बघवंना."

बाई हात धुऊन परत जेवायला गेल्या.

गडी रोज पट्टी बदलायला यायचा. हात बरा झाल्यावर गुळाची ढेप घेऊन आला. बाई म्हणाल्या, "नाही हो भैया, सरकारी नोकराला भेट घेता येत नाही."

त्याचं तोंड एवढंसं झालं. मला वाईट वाटलं. मी ढेप उचलली आन् म्हणलं, "मैं रिटायर है!"

*

आता आमच्या हिचा किस्सा. हिला सांगू नका मी लिवलाय म्हणून.

जत्रेच्या दिवशी सांजच्याला हिचा दमा उसळला. धूळ, धूर, फटाके. मी ठोका दिला. बाई वाफेचं मशीन घेऊन आल्या, तर लाईट गेलेली! इन्व्हर्टर चार्जच नव्हता. बाईंनी दम्याचा, तोंडात फवारा मारायचा पंप काढला, पण हिला तो वढता येईना. दाबणं आन् वढणं एका टायमाला जमंना. मी नुसता रस्त्यावर हिकडनं तिकडं.

बाईंनी जत्रेतनं एक थंड पेयाची प्लॅस्टिकची बाटली मागवली. रिकामी केली, धुतली. बुडाला ब्लेडनं पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडलं, पंप त्यात बसवला. आन् बाटलीचं तोंड हिच्या तोंडात. "आजी, घाई नाही. सावकाश ओढा." पंप दाबायच्या, ही वढायची. परत दाबायच्या. पाव तासानं हिच्या ओठांवर रंग आला. नंतर लाईट आल्यावर मशीन लावलं, आन् रात्री दोनदा येऊन बघून गेल्या.

पुढं बाईंनी बाजारातला चांगला डबा आणून दिला तसला, औषध वढायचा. पर ही ऐकंना! "मला माझी बाटलीच बरी." सकाळ-सांज दारात बसून बाटली तोंडाला.

आठ दिवसांनी विहारातल्या पाच-सहा बाया घरी आल्या. चहा घेतला. शेवटी एकजण चाचरत म्हणाली, "आप्पा, राग मानू नका. पर वैनींना ह्या वयात हे व्यसन कुठनं लागलं? तेबी दारात बसून!"

*

हा पुढचा किस्सा हसायचा न्हाई.

कुरकुंभला कंपनीत कामाला जाणारा गावातलाच एक माणूस, चाळिशीच्या आतला. शिफ्ट करून सांजंला आला. म्हणाला, "आप्पा, गॅस झालाय. छातीत चढलाय. बाईंकडनं गोळी घेऊन दे."

मी इचारलं. दम? न्हाई. रक्त? न्हाई. शुद्धीवर? माझ्यासमोर उभा.

"मग सोडा पी आन् सकाळी ये," मी म्हणलं.

गेला. खरंच सोडा प्याला. तासाभरानं त्याचा भाऊ त्याला मोटरसायकलवर मधी धरून घेऊन आला. सदरा पिळून घ्यावा एवढा वला. मी ठोका दिला, पण दांडकं हातातनं दोनदा निसटलं.

बाईंनी गोळ्या चावायला लावल्या, छातीला वायरी लावून ईसीजीची पट्टी काढली, आन् स्वतः गाडीत बसून दौंडला नेलं. तिथनं पुण्याला. वाचला. आजबी कंपनीत जातो, हलक्या कामावर. मला बघून हात करतो. त्याला वाटतं मीच वाचवलं.

त्या रात्री बाई परत आल्या तवा मी ओट्यावरच व्हतो. वाटलं, आता बोलतील. बोलायलाच पायजे व्हतं. मी म्हणलं, "बाई, दुसरा माणूस बगा ह्या कामाला."

बाई म्हणाल्या, "चूक तुमची नाही, आप्पा. प्रश्न मी कमी दिले."

आन् खडू घेऊन दारावर तिन्हींच्या खाली चौथा शब्द लिवला: घाम.

*

ह्या उन्हाळ्यात तीन वर्षं भरली. बदलीचा फॉर्म आला. शेवटची तारीख सोमवार.

गावानं ग्रामसभा घेतली. तात्या उभा राहिला. "डॉक्टरबाईंची बदली रद्द करावी, असा ठराव मांडतो!"

बाई मागं बसल्या व्हत्या. म्हणाल्या, "तात्या, मी अजून अर्जच दिला नाही."

"मग अर्ज रद्द करावा, असा मांडतो!"

समदे हसले. बाईबी हसल्या. पण 'देणार न्हाई' असं काय म्हणाल्या न्हाईत.

रविवारी सकाळी बाई माझ्या ओट्यावर चहाला आल्या. पर्समधनं कागद काढून दाखवला. एका बाजूनं समदं भरलेलं, सही तेवढी राहिलेली. "उद्या देतेय, आप्पा. तुम्हाला आधी सांगावं म्हटलं."

ही आत बाटली वढत व्हती. तिचा आवाज थांबला.

मी इचारलं, "लेक काय म्हणती?"

"म्हणते, आई, तुझ्या दवाखान्याला रविवार नसतो का?"

मी म्हणलं, "द्या अर्ज."

बाई म्हणाल्या, "तुम्ही भांडाल असं वाटलं होतं."

"भांडलो असतो. पर पोरगी सहाची व्हती तवा आलात. आता नवाची झाली आसंल."

बाईंनी कागद घडी करून पर्समधी ठिवला. चहा तसाच राहिला.

*

त्याच दिवशी दुपारचा हा किस्सा.

तीन वाजले असतील. ऊन असं की रस्त्यावर कुत्रं न्हाई. मी ओट्यावर बसलेलो. छातीवर कुणीतरी जातं ठिवल्यावाणी वाटाय लागलं. वाटलं, सकाळचं बोलणं लागलं मनाला. उठून पाणी प्यालो, परत बसलो. आत ही झोपलेली. दमेकरी माणसाला कशाला उठवा!

तेवढ्यात तात्या आला. रविवार ना! फळ्यावर त्या दिवशी ड्युटीबी त्याच्याच शिवाराची. पिकअप सावलीला लावली, आन् माझ्यासमोर उभा राहिला, उत्तरं तयार ठिवून. "दम न्हाई, रक्त न्हाई, शुद्धीवर हाय. दे शिव्या!"

मी म्हणलं, "जा आत."

तात्या हललाच न्हाई. "काय म्हणलास?"

"जा म्हणलं ना."

तात्यानं माझ्या तोंडाकडं एकदा बगितलं आन् पळत रस्ता वलांडला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं रुळाला हात लावला. धाड धाड धाड! नदीपल्याड ऐकाय गेलं आसंल. वरडत व्हता, "मॅडम, भाईर या! आप्पा मला सरळ आत जा म्हणला! त्याला कायतरी झालंय!"

बाई अनवाणी आल्या. नाडी धरली. चार गोळ्या तोंडात कोंबल्या, "चावा!" पट्टी काढली, तिच्याकडं बगितलं, आन् तात्याला म्हणाल्या, "गाडी काढा."

पिकअपमधी गादी टाकून मला आडवा केला. ही पायाशी, बाटली घेऊनच बसली. बाई उशाला, नाडीवर बोट. तात्या गाडी हाकत व्हता आन् खिडकीतनं दर फर्लांगाला वरडत व्हता, "आप्पा, शुद्धीवर हाईस का?"

"शुद्धीवर नसतो तर आडवा पडून तुझं ऐकलं असतं व्हय रं?"

बाई म्हणाल्या, "बोलू नका, आप्पा." मग स्वतःच बोलल्या. "रुळ तुमच्यासमोर दहा पावलांवर. का नाही वाजवलात?"

मी म्हणलं, "इचारले की समदे प्रश्न मला मीच. दम न्हाई, रक्त न्हाई, शुद्धीवर हाय."

"आणि चौथा? घाम?"

"बाई, वैशाख हाय. घाम समद्या गावाला आलाय!"

बाई हसल्या का रडल्या ते मला झोपल्या झोपल्या दिसलं न्हाई. आन् आता कांदाबी नव्हता.

पूल वलांडला. बाई फोनवर दौंडच्या डॉक्टरला सांगत व्हत्या. त्यांनी सांगितलं, काय गोळ्या दिल्या, किती वाजता दिल्या, ते चिठ्ठीवर लिवून द्या, इथं धावपळीत चुकायला नको. बाईंनी पर्स उघडली. केसपेपरची वही घाईत दवाखान्यातच राहिलेली. तात्याच्या गाडीत कांद्याच्या पोत्याशिवाय कधी काय नसतंय. बाईंनी पर्समधनं एक घडी केलेला कागद काढला. उलटा केला. गुडघ्यावर ठिवून भराभर लिवला. खाली सही केली, टाईम टाकला.

दौंडला स्ट्रेचर तयारच व्हतं. बाईंनी कागद डॉक्टरच्या हातात दिला. त्यांनी वाचला, मान हलवली, माझ्या केसपेपरला टाचणीनं लावला. "वेळेत आणलंत," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, म्हंजी सोमवारी, तात्या भेटायला आला. मला दुसरीची अक्षरं, त्याला सातवीची. खाटेला अडकवलेला केसपेपर त्यानं उगाचच चाळला. टाचलेला कागद उलटा केला. मागल्या बाजूला छापील फॉर्म, बाईंच्या अक्षरात भरलेला.

"काय रं?" मी इचारलं.

तात्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडं बगितलं. मग दाराकडं. मग कागद परत व्हता तसा उलटा घातला, आन् त्यावरनं हात फिरवला, इस्त्री केल्यावाणी.

आता मी बरा हाय. ओट्यावर बसतो, पण ठोका दुसरा कुणी देतो, मी फक्त इचारतो. कागद अजून दौंडलाच हाय. बाई महिन्यातनं एकदा लेकीकडं जातात, दौंडलाच रेल्वे पकडतात. तात्या पिकअपमधनं सोडतो. तिथला मोठा दवाखाना स्टेशनच्या वाटंवर लागतो.

तात्या सांगत व्हता, दर खेपंला तो तिथं गाडी हळू करतो आन् इचारतो, "मॅडम, थांबवू का?"

बाई इचारतात, "कुणाला दम लागलाय का?"

"न्हाई."

"रक्त वाहतंय का?"

"न्हाई."

"मग चला, तात्या. गाडी चुकेल."